तीनशे शब्दांचा गोषवारा

मार्चअखेर जवळ आली की सरकारी कचेऱ्यांतून ‘गोषवारा’ हा शब्द वारंवार कानी पडू लागतो. वर्षभरात नोंदवह्या, पावतीपुस्तके आणि खतावण्या यांत जे काही साठले असेल ते एका पानावर उतरवावयाचे आणि वरिष्ठांकडे धाडावयाचे, याचे नाव गोषवारा. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. मूळ भाषेत त्याचा एक अर्थ कानातले भूषण असाही आहे. आपण अलंकाराचा अर्थ सोडून दिला आणि हिशेबाचा तेवढा ठेवला, हे आपल्या दप्तरी परंपरेला साजेसेच झाले. ज्याने आयुष्यात एकदा तरी गोषवारा तयार केला आहे, त्याला ठाऊक असते की, त्यातील प्रत्येक आकडा खतावणीशी जुळावा लागतो आणि जे वसूल झाले नाही ते ‘येणे बाकी’ म्हणून दाखवावेच लागते. बाकी न दाखविलेला गोषवारा दिसावयास सुबक असतो. परंतु तपासनीस पहिल्यांदा तोच कागद बाजूला काढून ठेवतो.

हे आठवण्याचे निमित्त मात्र वेगळे आहे. आरोग्यसेवांविषयी संशोधन करणाऱ्यांच्या परिषदा देशोदेशी भरतात आणि त्यांत निबंध वाचावयाचा असेल तर आधी त्याचा सारांश चालकांकडे पाठवावा लागतो. परिषद जूनमध्ये असली तर सारांशाची मुदत बहुधा आदल्या हिवाळ्यातच संपते. शब्दांची मर्यादा कोठे अडीचशे, कोठे तीनशे, कोठे पाचशे. मुदतीच्या शेवटच्या रात्री शब्द मोजीत बसलेल्या तरुण संशोधकाची अवस्था परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या विद्यार्थ्याहून फारशी निराळी नसते. हा मूठभर तज्ज्ञांचा मामला आहे, वृत्तपत्राच्या वाचकाला त्याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. तथापि ज्या आकड्यांवर असे सारांश उभे असतात ते उपकेंद्राच्या वहीत परिचारिकेने लिहिलेले, तालुक्याच्या कचेरीत लिपिकाने एकत्र केलेले आणि पुष्कळदा शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने घरोघर फिरून गोळा केलेले असतात. त्यांचा गोषवारा कोण करतो आणि करताना त्यातून काय गाळतो, हे पाहण्याचा अधिकार या मंडळींनाही आहे.

प्रश्न निराळा आहे

एखादे औषध गुणकारी आहे काय, हा वैद्यकशास्त्राचा प्रश्न होय. ते औषध ज्याला हवे त्याच्यापर्यंत, हवे तेव्हा आणि त्याला झेपेल अशा किमतीत पोचते काय, हा आरोग्यसेवा संशोधनाचा प्रश्न. दुसरा प्रश्न वरकरणी कमी शास्त्रीय वाटतो, आणि म्हणूनच त्याला प्रतिष्ठा मिळण्यास वेळ लागला. १९६१ साली केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. अमेरिका आणि ब्रिटन येथील माहितीच्या आधारे त्यांनी असा हिशेब मांडला की, एक हजार प्रौढ माणसे घेतली तर महिन्याभरात त्यांपैकी ७५० जणांना काही ना काही आजार किंवा इजा होते. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात. आणि विद्यापीठाच्या मोठ्या वैद्यकीय केंद्रात पाठविला जातो तो अवघा एक. वैद्यकाचे विद्यार्थी शिकतात ते मात्र त्या एकाच्या खाटेभोवती उभे राहून. उरलेल्या ९९९ जणांचे काय होते, हे विचारणे शास्त्रात बसते, एवढे मान्य करून घेण्यासाठीसुद्धा आकडे पुढे ठेवावे लागले.

पुढे १९७३ साली जॉन वेनबर्ग आणि ॲलन गिटलसन यांनी व्हर्माँट या लहानशा अमेरिकी राज्याची पाहणी प्रसिद्ध केली. टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण त्या राज्याच्या एका भागात दर दहा हजार लोकांमागे १३, तर दुसऱ्या भागात १५१ असल्याचे त्यांना आढळले. टेकडीच्या एका अंगाला मुलांचे घसे निरोगी आणि दुसऱ्या अंगाला रोगट असतात, असे कोणी म्हणणार नाही. फरक होता तो डॉक्टरांच्या मतांत आणि सवयींत. वैद्यकीय नियतकालिकांना हे पचले नाही; त्यांच्याकडून परत आलेला हा निबंध अखेर ‘सायन्स’ या साप्ताहिकाने छापला.

ही परदेशातील गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर आपल्याच बीड जिल्ह्याची आठवण होते. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी बोभाटा झाल्यावर राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१९ साली पुढे आलेल्या माहितीनुसार, विचारपूस केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर सहा जणींमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्हीकडचे वयोगट तंतोतंत सारखे नाहीत, ही मर्यादा येथेच नोंदवलेली बरी. तरीही हे अंतर वयाच्या हिशेबाने भरून निघणारे नाही, हे सांगावयास तज्ज्ञ लागत नाही. आजार शरीरात असतो, पण शस्त्रक्रिया कोणावर आणि किती होतात हे गाव, धंदा आणि रोजगाराची रीत ठरवते. हा आरोग्यसेवा संशोधनाचा मूळ विषय आहे.

सहा रकाने

असल्या संशोधनाच्या परिषदांचे आता मोठे प्रस्थ आहे. आरोग्यव्यवस्था संशोधनाचा जागतिक परिसंवाद २०१० साली स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे पहिल्यांदा भरला आणि तेव्हापासून तो दर दोन वर्षांनी बीजिंग, केपटाऊन, व्हँकूव्हर, लिव्हरपूल असा फिरत २०२४ साली नागासाकीला पोचला. अमेरिकेत ‘अकॅडमीहेल्थ’ या संस्थेचे अधिवेशन दरसाल जूनच्या सुमारास भरते. या अधिवेशनाच्या सारांशासाठी दीर्घकाळ वापरात असलेले सहा रकाने असे: संशोधनाचे उद्दिष्ट, अभ्यासाची रचना, कोणत्या लोकांचा अभ्यास केला, मुख्य आढळ, निष्कर्ष, आणि धोरणाला किंवा प्रत्यक्ष कामाला त्याचा उपयोग. सारांश आला की दोन-तीन परीक्षक लेखकाचे नाव न पाहता त्याला गुण देतात. चांगले गुण पडले तर व्यासपीठावरून निबंध वाचावयास मिळतो, मध्यम पडले तर भित्तिपत्रकावर समाधान मानावे लागते, आणि कमी पडले तर खेदपत्र येते.

सारांशाला असे रकाने नेहमीच नव्हते. पूर्वी तो एक सलग परिच्छेद असे आणि लेखक त्यात सोयीचे तेवढे लिही. १९८७ साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे ब्रायन हेन्स प्रभृतींनी असा आग्रह धरला की, वैद्यकीय लेखाच्या सारांशाला ठरावीक शीर्षके असावीत, म्हणजे काय सांगितले आणि काय गाळले हे वाचणाऱ्याला एका दृष्टीत कळेल. सूचना साधी होती. आमच्या कचेऱ्यांतील छापील नमुने हेच काम कितीतरी वर्षे करीत आले आहेत: रकाना रिकामा राहिला की तो डोळ्यांत खुपतो. पुढे २००८ साली चाचण्यांच्या सारांशांसाठीही एक यादी सिद्ध झाली आणि उपचाराने झालेले अपाय सारांशातच सांगावेत, अशी अपेक्षा तीत स्पष्टपणे लिहिली गेली.

येथे प्रस्तुत लेखकाने स्वतःची एक फजिती सांगण्यास हरकत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका परिषदेला मी सारांश धाडला होता. प्रास्ताविकातच निम्मे शब्द खर्ची पडले होते. आरोग्य हा मानवाचा मूलभूत हक्क कसा आहे, ग्रामीण भागात अडचणी कशा आहेत, हे सारे त्यात होते. अखेरीस एक भारदस्त वाक्य होते: ‘प्राप्त निष्कर्षांची चर्चा परिषदेत करण्यात येईल.’ खरे सांगावयाचे तर निष्कर्ष प्राप्त झालेलेच नव्हते. माहितीची जुळणी चालू होती आणि परिषदेपर्यंत ती होईल असा भरवसा होता. खेदपत्रात एकच ओळ होती: या सारांशात आढळ दिलेला नाही. त्या वेळी राग आला. आज कोणी तरुण मित्र तसेच वाक्य लिहून आणतो तेव्हा मी ते निमूटपणे खोडतो. जमाखर्चाच्या जागी ‘रक्कम नंतर कळविण्यात येईल’ असे लिहिणाऱ्या लिपिकाला कोणता साहेब सही देईल?

सहा रकान्यांपैकी सर्वांत हयगयीने भरला जातो तो तिसरा, कोणत्या लोकांचा अभ्यास केला हा. आणि सर्वांत अधिक फुगविला जातो तो सहावा. एका तालुक्यातील दोन आरोग्यकेंद्रे पाहून आलेला अभ्यासक सहाव्या रकान्यात साऱ्या देशाच्या धोरणाला दिशा देऊ लागतो. ‘शासनाने याची गंभीर दखल घ्यावी’ या वाक्याची खरोखर गंभीर दखल कोणी घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

चांगला सारांश कसा असतो, हे पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. गडचिरोली येथील ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांचे सहकारी यांचा नवजात बालकांच्या घरगुती काळजीविषयीचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा सारांश परिषदेसाठी लिहिलेला नसून नियतकालिकातील आहे. पण विद्यार्थ्यांनी तो समोर ठेवून बसावे, अशा योग्यतेचा आहे. ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन नवजात बालकाची काळजी घेत होत्या आणि ४७ गावांत ही योजना नव्हती. काम सुरू करण्यापूर्वी दोन वर्षे, १९९३ ते १९९५, केवळ मोजणी केली गेली. त्या वेळी दर हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यू एकीकडे ६२ आणि दुसरीकडे ५८ होते. तिसऱ्या वर्षी योजनेच्या गावांत हा आकडा २५.५ वर आला. दुसऱ्या गावांशी तुलना करता घट ६२ टक्क्यांहून थोडी अधिक भरली. एका बालकामागे खर्च ५.३ डॉलर. आधी किती घट अपेक्षित धरली होती, तेही सारांशात सांगितले आहे: तीन वर्षांत किमान २५ टक्के. आधी बोललेले आणि नंतर घडलेले असे शेजारी शेजारी ठेवण्यास धैर्य लागते, कारण उलटे घडले असते तर तेही तेथेच दिसले असते.

परंतु मला त्यातील सर्वांत मोलाची वाटते ती एक लहानशी नोंद. जन्म आणि मृत्यू यांची गणती काळजी घेणाऱ्या स्त्रियांकडे सोपविलेली नव्हती. ते काम दुसऱ्या कार्यकर्त्यांकडे होते. ज्याने खर्च केला त्यानेच तो तपासू नये, हा कोणत्याही हिशेबनिसाला ठाऊक असलेला नियम आहे आणि तो त्या आटोपशीर सारांशात जागा अडवून बसला आहे, कारण त्यावाचून पुढील सर्व आकडे संशयास्पद ठरले असते. २०११ साली केंद्र शासनाने नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा कार्यक्रम देशभर ‘आशा’ कार्यकर्तींकडे सोपविला. ‘आशा’ ताई आज बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जातात, त्या पावलांमागे हे गडचिरोलीचे काम आहे.

बाकी कोठे गेली?

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका स्नेह्यांची मुलगी सारांश दाखवावयास आली. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणारी, हुशार आणि कष्टाळू मुलगी. बाळंतपणानंतर किती स्त्रियांना तपासणी मिळाली, हा तिचा विषय. मराठवाड्यातील एका उपकेंद्राच्या वहीतून तिने नावे घेतली होती आणि घरोघर जाऊन विचारपूस केली होती. निकाल उत्साहवर्धक होता. बहुतेक स्त्रियांना तपासणी मिळाली होती. इंग्रजी सफाईदार होते, शब्द मर्यादेत होते. मी सहज विचारले, वहीत नावे किती होती आणि भेटल्या किती? ती घुटमळली. ‘काका, बऱ्याच जणी घरी नव्हत्या. कुलपं होती.’

पाहणीचा महिना होता डिसेंबर. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेऊन नवराबायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून साखर कारखान्याच्या वाटेला लागते ती मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. गरोदर स्त्रिया जातात, ओल्या बाळंतिणीही जातात. मुलीच्या सारांशातील तपासणीचे प्रमाण होते ते मागे राहिलेल्यांचे. म्हणजे ज्यांना उपकेंद्र जवळ होते त्यांचेच. जिच्यापर्यंत सेवा पोचणे सर्वांत अवघड, तीच हिशेबातून निसटली होती, आणि निसटल्याची खूणही उरली नव्हती. यात त्या मुलीची लबाडी मुळीच नव्हती. तिला शिकविले गेले होते की भेटलेल्यांचे उत्तर लिहावे. कुलपांचे काय करावे, हे कोणी शिकविले नव्हते.

हा दोष एकट्या विद्यार्थिनीचा नाही, साऱ्या व्यवहाराचा आहे. परिषदांत सादर झालेल्या सारांशांचे पुढे काय होते, याचा शोध कॉक्रेन या संस्थेच्या एका समीक्षणात घेतला गेला. २०१८ साली सुधारून प्रसिद्ध झालेल्या या समीक्षणात वैद्यकादी विषयांतील तीन लाख सात हजारांहून अधिक सारांशांचा हिशेब आहे. त्यांतील पूर्ण निबंधाच्या रूपाने छापले गेले ते अवघे ३७.३ टक्के. आणि ज्यांचा निकाल अनुकूल होता ते छापले जाण्याचा संभव अधिक होता. एखादी योजना राबविली आणि काहीच फरक पडला नाही, असे सांगणारा अभ्यास पुष्कळदा परिषदेच्या स्मरणिकेतच विझून जातो. कित्येक तर तेथवरही येत नाहीत, कारण ‘काही आढळले नाही’ असा सारांश कोण स्वीकारणार, या भीतीने लेखकच ते पाठवीत नाही. मग चार वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात दुसरा अधिकारी तीच योजना त्याच उत्साहाने सुरू करतो. त्याला बिचाऱ्याला कळावे कसे? परीक्षकांनी अशा सारांशांना राखीव जागा द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट बाजूने असे म्हटले जाते की, त्यामुळे ढिसाळ अभ्यासांची गर्दी होईल. फरक न आढळण्याचे कारण कित्येकदा अभ्यासच तोकडा असतो. हा आक्षेप खोटा नाही. परंतु तोकडा अभ्यास फरक दाखवितो तेव्हा मात्र त्याला व्यासपीठ मिळते, याचे काय?

आणखी एक गोष्ट. हे सारांश बहुधा इंग्रजीत असतात आणि जगाच्या बाजारात ते तसे असणे समजण्यासारखे आहे. पण ज्या गावातून आकडे उचलले तेथे ते परतून कधी येत नाहीत. वही लिहिणाऱ्या परिचारिकेला आपल्या वहीतून काय निघाले ते कळत नाही; ‘आशा’ ताईंना तर आपण मोजलो गेलो हेही माहीत नसते. सारांश स्वीकारला गेला तरी परिषदेला जाण्याचे भाडे, शुल्क आणि प्रवेशपत्र कोणाला मिळते, हा प्रश्न उरतोच. २०१८ साली लिव्हरपूल येथील जागतिक परिसंवादासाठी निमंत्रण असलेल्या काही अभ्यासकांना ब्रिटनचा व्हिसा नाकारला गेला आणि त्यावर बरीच टीका झाली. गरीब देशांच्या आरोग्यव्यवस्थेची चर्चा त्या देशांतील माणसांवाचून व्हावी, हे चालकांनाही रुचले नसणार. तो दरवाजा आपल्या हातचा नाही. गावाकडे परत जाणारी वाट मात्र आपल्या हातची आहे: तीनशे शब्दांचे मराठी करावयाला एक संध्याकाळ पुरते आणि ते उपकेंद्राच्या भिंतीवर लसीकरणाच्या तक्त्याशेजारी लावण्यास कोणाची मंजुरी लागू नये.

त्या मुलीने सारांश पुन्हा लिहिला. प्रास्ताविकाची तीन वाक्ये गेली आणि त्या जागी वहीतील नावे किती, भेटल्या किती, कुलपे किती, हे आले. निष्कर्षाची धार अर्थातच बोथट झाली. घरी न सापडलेल्या स्त्रियांविषयी या अभ्यासावरून काही सांगता येत नाही, असे वाक्य तिने जड मनाने घातले. गुण कमी पडतील, अशी तिची भीती होती. ती निराधार आहे असे मी तिला सांगू शकलो नाही. मुदतीच्या रात्री सारांश रवाना झाला आणि मराठी प्रत तिने उपकेंद्रात नेऊन दिली.

परिचारिकाबाईंनी ती उभ्याउभ्याच वाचली. कुलपांच्या वाक्यापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, ह्यातल्या कोण कुठल्या कारखान्यावर गेल्यात, ते मला तोंडपाठ आहे. फोन नंबरही आहेत. मला का नाही विचारलंस?’

परीक्षकांचा निर्णय अद्याप यावयाचा आहे. मुलगी तूर्त त्या नावांची यादी करीत आहे.